शेजारणीची कौदी

मुरुम गावात आमच्या शेजारची बाई कौद्या, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, शिवायची. नक्षी अडली की आमच्या ओट्यावर येऊन बसायची.

"अक्का, ते रडकं गाणं लावा की."

फोनोवरची तबकडी संपली की उठायची आणि घरी जाऊन निळ्या ठिगळाशेजारी पिवळं जोडायची.

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही सोलापूरला गेलो. परतलो तेव्हा घर फोडून कुणीतरी फोनो नेला होता. शेजारीण अर्धी शिवलेली कौदी घेऊन आली.

"मग तुमीच म्हणा."

मला गाता येत नाही. तरी म्हटलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, सुई ओवली आणि लाल ठिगळ तिरकं लावलं.

"वाकडं बसलं," मी म्हणाले.

"व्हय. गाणंच तसं झालं," ती म्हणाली आणि टाके घालत राहिली.