शेवटची नावं

महिपती शेंडगे स्वारगेटजवळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होते. सविस्तर रिपोर्ट दोन दिवसांनी मिळायचे. पण एखाद्याचा आकडा जिवावर बेतणारा निघाला, तर महिपतींनी लिहिलेला छोटा प्रोग्राम यंत्राच्या फाइलमधून तो वाचून लगेच मेसेज धाडायचा. दत्ताचं नाव घेतल्याशिवाय मशीन चालू न करणारा हा माणूस. शेजाऱ्यापाजाऱ्यांना छातीठोकपणे सांगायचा, "मेसेज आला नाही ना? मग निवांत झोपा."

त्या गुरुवारी त्यांचा तरुण साहेब, अभिनव, म्हणाला, "काका, तुमचा प्रोग्राम फाइल वाचतोय की पारायण करतोय?"

महिपतींना हा संथपणाचा टोमणा लागला. जुनी पद्धत अशी, की प्रोग्रामनं एक ओळ मागितली तरी फाइलच्या पोत्यातून एकदम डबाभर ओळी उपसून ठेवल्या जायच्या आणि मागेल तशी एकेक हातात यायची. त्यांनी मधला डबा काढून थेट पोत्यातून वाचायला लावलं. फक्त मथळ्याची पहिली ओळ जुन्याच पद्धतीनं वाचायची राहून गेली. त्या एका ओळीसाठी डबा भरला, आणि पुढचं वाचन उरलेल्या पोत्यातून सुरू झालं. डब्यातल्या ओळींकडे कुणी वळलंच नाही.

तपासताना त्यांनी प्रोग्रामनं वाचलेल्या नावांच्या यादीचा शेवट पाहिला. शेवटची नावं आली म्हणजे सगळी आली, ही एकोणीस वर्षांची सवय.

शुक्रवारी सकाळी महिपतींच्या घरासमोरच्या वेणूबाई उपाशीपोटी रक्त देऊन आल्या. "लवकर जा, गर्दी नसते," हे महिपतींनीच सांगितलेलं. रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता त्या कोसळल्या. हृदय बंद पडलं.

सोमवारी महिपतींनी शुक्रवारची फाइल उघडली. वेणूबाईंची ओळ बारावी, पोटॅशियम हृदय बंद पाडेल इतकं वाढलेलं. प्रोग्रामच्या यादीत मात्र पहिलंच नाव चौऱ्याण्णवाव्या पेशंटचं.

"दुरुस्त करा आणि गप्प बसा," अभिनव म्हणाला. "लॅबला टाळं लावायचंय का?"

दुरुस्त केलं. मग त्याच्यासमोरच महिपतींनी फोन उचलला. तीन दिवसांत असे सात जण सुटले होते. सहा जणांना त्यांनी ताबडतोब डॉक्टरकडे जायला सांगितलं. सातवा नंबर लावायचा नव्हता. ते दार त्यांच्या घरासमोरच होतं.

वेणूबाईंची मुलगी अस्मिता जमिनीवर ठेवलेल्या दिव्यात तेल घालत होती.

"या काका. शनिवारी आईला धाप लागत होती. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाली, मेसेज नाही आला ना, महिपती काय खोटं सांगतील?"

महिपतींना खाली बसवेना. "अस्मिता, आईचा आकडा शुक्रवारीच आला होता. माझ्या हातून तो वाचलाच गेला नाही. चूक माझी."

तिनं वात सारखी केली.

"चपला बाहेरच आहेत ना तुमच्या, काका?"

"हो."

"मग घाला."