साडेबाराचा डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तिला कसं सांगणार? गोष्ट तिचीच आहे.

चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. पावती नसेल तर सख्ख्या भावाने केलेला खर्चही मी धरत नाही. नातेवाईक मला चिकट म्हणतात, पण खोटा कुणी म्हणत नाही — आणि तेच आता जड जातं.

सात वर्षांपूर्वी सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, डब्यांचा धंदा काढायचं ठरवलं. आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांना दुपारचं जेवण पोचवायचं. स्वयंपाक तिचा, कागदपत्रं माझी. नावं मी सुचवली, सगळे सुचवतात तशीच — अन्नपूर्णा, गृहलक्ष्मी, झालंच तर मुलीचं नाव. तिने एकेक नाव किडक्या भेंडीसारखं बाजूला टाकलं.

"अन्नपूर्णेच्या भाजीत मीठ जास्त झालं तर माणूस बोलणार कुणाला? देवीला?" ती म्हणाली. "नावामागं बाई दिसली पाहिजे. हिवराळे बाईंचा डबा. चांगलं झालं तर मला सांगतील, वाईट झालं तर मलाच बोलतील."

धंद्याच्या नावाबद्दल याहून शहाणं काही मी अजून ऐकलेलं नाही. नावामागे कुणीतरी उभं असायला हवं, हे तिला कुणी शिकवलं होतं? आणि हिवराळे हे तिचं माहेरचं नाव नव्हे. ते माझं — माझ्या वडिलांचं. ती ते हौसेने पाटीवर लावायला निघाली होती आणि मला मात्र घाम फुटला होता.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. स्टेशनरीचं दुकान असतं तर एक वेळ ठीक — हे शिजवलेलं अन्न होतं. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही चौघे डबे एकत्र उघडायचो. माझं पूर्ण नाव कळल्यावर त्यातल्या एकाला अचानक पित्ताचा त्रास सुरू झाला — फक्त माझ्या भाजीपुरता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. की सांगतोय? तसं वाटलं तर हा परिच्छेद सोडून द्या.

मी मनात आकडा धरला : या नावाने शंभरातले तीस डबे बंद होतील. कुठून आणला तो? कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. माझ्यासारख्या माणसाने हवेतून उचललेला आकडा — आणि तोही स्वतःच्याच नावाविरुद्ध.

धंद्याच्या नोंदणीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो तेव्हा ती शेजारी वाटाणे सोलत होती. स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणालो, ते नाव आधीच कुणीतरी घेतलंय, मिळत नाही.

मी ते नाव टाइपच केलं नव्हतं. एक अक्षरही नाही.

"व्हय?" ती म्हणाली, आणि चक्क हसली. "आपल्या आधी कोण हिवराळे बाई निघाली हो? लई धीराची दिसते."

तिला आनंद झाला होता! तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? वाटाणे सोलून होईपर्यंत वेळ होता. मी उघडलं नाही.

दुसरं नाव तिने तिथंच शोधलं. जेवणाची सुट्टी किती वाजता, तिने विचारलं. साडेबाराला, आणि जेमतेम अर्धा तास. "मग साडेबाराचा डबा," ती म्हणाली. नाव कसलं, जाहीर हमीच होती ती — उशीर झाला तर नावच खोटं पडणार. त्या नावाखाली तिने सहा वर्षं कधी उशीर केला नाही. गेटवरचा वॉचमन लांबूनच ओरडायचा, "साडेबारा आले!" आणि कामगार हात धुवायला उठायचे. कधी कधी मनात येतं, की माझ्या खोट्यामुळेच तर हे नाव सुचलं. पण नाव तिचं आहे. माझं त्यात फक्त खोटं आहे.

गेल्या वर्षी तिने शेंद्र्याला दुसरं स्वयंपाकघर घेतलं. या वेळी मला न सांगता मोबाइलवरून स्वतःच अर्ज केला, आणि संध्याकाळी पेढे घेऊन आली. "मिळालं की हो नाव! त्या बाईनं सोडलं वाटतं." मग माझ्या हातात पेढा ठेवत म्हणाली, "बंद पडला असंल बिचारीचा धंदा."

नसलेल्या बाईसाठी ती हळहळत होती. मी पेढा खाल्ला.

पाटी शहागंजात करून घेतली. ठळक अक्षरांत — हिवराळे बाईंचा डबा. ती लागल्यावर दोन जणांनी डबा बंद केला. तीस नाही, दोन. सुजाता म्हणाली, "केला तर केला. त्यांच्या वाटची मेथी तुम्ही खा." दोन का होईना, गेले — हे लिहिताना मला किंचित बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

उद्घाटनाला तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आलं होतं, शेजारच्या कारखान्यातला एक सुपरवायझर. पाटी वाचून तो तिला म्हणाला, "ताई, तुम्ही हिवराळे होय! सहा वर्षं तुमच्या हातचं जेवतोय, कधी बोलला नाहीत. आमच्यापासून काय लपवायचं?"

ती ताठ झाली. "लपवायला मी काय चोरी केली? पहिल्या दिवशीच हे नाव मागितलं होतं. मिळालं नाही. ह्यांनीच अर्ज भरला होता, हे काय, इथंच आहेत. विचारा."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. जिने आयुष्यात काही लपवलं नाही, तिच्यावर लपवल्याचा आळ आला होता, आणि तिने साक्षीला मला बोलावलं होतं.

"हो," मी म्हणालो. "तेव्हा मिळालं नव्हतं."

"साहेब म्हणतात म्हणजे खरंच असणार," तो म्हणाला, आणि तिची माफी मागितली. सुजाताने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं.