चहा सोडलेला माणूस वांकिडीला जातो

सुट्टीची आखणी कॉफीभोवती करायची, ही अक्कल माझीच. अडीच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याच्या घरी फिल्टर कॉफी प्यायलो आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, "आजपासून चहा बंद." तेव्हापासून मी नागपुरातला एक नंबरचा कंटाळवाणा माणूस झालो आहे, असं माझी बायको सुनंदा म्हणते. पितळेचा फिल्टर, कॉफीच्या पुडीचा डबा, स्टीलचा गिलास आणि त्याखालची वाटी, एवढा संसार घेऊन मी लग्नाकार्यालाही जातो.

गेल्या डिसेंबरात चार दिवस मिळाले. सुनंदा म्हणाली, "चिकमगळूरला जाऊ." मी नकाशा उघडला. कर्नाटक लांब, आंध्रातलं अरकू त्याहून अडनिडं, पण आदिलाबाद मात्र नागपूरपासून चार तासांवर! तेलंगणा म्हणजे साउथ, आणि साउथ म्हणजे फिल्टर कॉफी. इतकं सोपं गणित आजवर कोणाला कसं सुचलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

"मुंबई महाराष्ट्रातच आहे ना?" सुनंदा म्हणाली. "मग वडापाव खायला नागपूरला येतं का कोणी?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. शिवाय आदिलाबादच्या पुढे वांकिडीला माझा मित्र प्रकाश होता. नागपूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो, आता तो तिकडे शाळामास्तर आहे. बावीस वर्षं तो "घरी ये" म्हणत होता आणि बावीस वर्षं मी "येतो येतो" म्हणत होतो. अखेर निघालो तो कॉफीसाठी, हे मी त्याला सांगितलं नाही.

सकाळी सहाला गाडी काढली. पांढरकवड्याला पोहे खाल्ले. चौपदरीचं काम चालू असल्यामुळे मधे मधे वळणरस्ते आहेत, तेव्हा टायर बघून निघा. पैनगंगेचा पूल ओलांडला, पाट्या तेलुगूत झाल्या आणि मला उगाच कॉफीचा वास यायला लागला. आदिलाबादच्या स्टँडजवळच्या टिफिन सेंटरात इडली उत्तम, चटणी त्याहून उत्तम. मी ऐटीत फिल्टर कॉफी मागितली.

"कॉफी नहीं साब," मालक म्हणाला. "चाय बोलो, अभी बना देता."

दुसऱ्या दुकानात चाय. तिसऱ्या दुकानात तर चहा इतका प्रसिद्ध, की लोक उभ्यानं पीत होते. शेवटी लॉजच्या खोलीत मी माझा फिल्टर मांडला. "एवढ्यासाठी आपण परराज्यात आलो!" सुनंदा म्हणाली आणि खाली जाऊन दोन चहा पिऊन आली.

दुसऱ्या दिवशी कुंटाला धबधबा पाहिला. उतरताना पायऱ्या मोजायची हौस येते, चढताना देव आठवतो. पाणी सोबत ठेवा. तिथून बोथला गेलो. कचेरीसमोरच्या हॉटेलात एक मावशी भजी तळत होत्या. कॉफीचं नाव काढताच त्यांनी कढईवरची मान वर केली.

"कोनाले ताप आला जी?"

त्यांच्याकडे कॉफी म्हणजे दुखण्याचं औषध. पाकिटातली पूड दुधात ढवळून, वरून दोन चमचे जास्तीची साखर घालून, त्यांनी मला ती इतक्या काळजीनं पाजली की "मी बरा आहे" म्हणायचा धीर झाला नाही. सुनंदा हसून हसून लाल झाली होती. तुम्हाला भजी मात्र सांगून ठेवतो, बोथला गेलात तर चुकवू नका.

तिसऱ्या दिवशी उटनूरमार्गे केरामेरीचा घाट उतरलो. सागाचं रान, अरुंद वळणं, मधे कुठेच पेट्रोल नाही, टाकी आधीच भरा. आसिफाबादवरून वांकिडीला पोचलो तेव्हा बारा वाजले होते. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, आणि रस्त्यावर पुन्हा मराठी कानावर यायला लागलेली. प्रकाश कोपऱ्यावरच उभा होता. गाडी थांबायच्या आत दार उघडून त्यानं मला ओढून मिठी मारली.

घर छोटं, नुकतंच रंगवलेलं, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. प्रकाशचे बाबा धुतलेला सदरा घालून दारात उभे होते. ऐंशीच्या घरातले, ताठ.

"या जी, या. बावीस वर्सं ऐकून राह्यलो तुमचं नाव."

फळीवरून काढलेल्या नव्या कपबशांत चहा आला. बाबांनी स्वतः बशी माझ्यापुढे धरली. आणि मी, दोन वर्षं प्रत्येकाला ऐकवलेलं वाक्य तिथंही ऐकवलं.

"नको बाबा, मी चहा सोडलाय." एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण नाही! मी पिशवीतून माझा गिलास काढला. "माझं भांडं मी आणलंय. नुसतं गरम पाणी द्या."

बाबांनी बशी हळूच खाली ठेवली. "असू द्या," म्हणाले आणि मागच्या अंगणात निघून गेले. सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गिलास पिशवीत कोंबू लागलो.

"होस्टेलात माझ्या बशीतला चहा ओढून प्यायचास," प्रकाश खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्या घरी आल्यावरच सुटला का रे?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. प्रकाशचं घर बौद्ध, बाबांचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेलेलं. माझं आडनाव ऐकल्यावर आमची जात कोणालाही कळते. आणि मी त्यांच्या घरचा चहा नाकारून वर स्वतःचं भांडं पुढं केलं होतं. लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. बावीस वर्षांची दोस्ती मी कॉफीच्या पुडीपायी घालवणार होतो.

मी गिलास घेऊन अंगणात गेलो. बाबा खाटेवर बसले होते.

"बाबा, मला चहा द्या."

"कायले? तुमी तं सोडला ना. पोराच्या दोस्तीसाठी गिळू नका जी. आमाले सवय हाय." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी सालदार होतो तिथं माहा कप वळचणीत खोचून राहे. न आमच्या इथं कोनी आलं, तं कोनाचं पोट बिघडलेलं राहे, कोनाचा उपास राहे. कोनी चहाच सोडलेला राहे."

"पण माझं खरंच तसं आहे बाबा."

"हो. समद्याचं खरंच राहे."

मी जागचा हललो नाही. त्यांची नजर माझ्या हातातल्या गिलासावर गेली.

"आना तो इकडं."

त्यांनी सुनेला हाक मारून चहाचं पातेलं मागवलं, गिलास काठोकाठ भरला आणि तोंड लावून अर्धा चहा प्यायले. मग गिलास खाटेवर माझ्या बाजूला ठेवला.

"धुऊन देऊ का?"

"नको," मी म्हटलं आणि उरलेला तसाच प्यायलो. आल्याचा, भलताच गोड चहा. खोटं कशाला बोलू, आवडला.

"चाला," बाबा उठले, "भाकर झाली आसन."

ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी, वर ठेचा. बाबा मला वाढत होते, पण "तुमी" काही सुटलं नाही आणि प्रकाशही जरा जपूनच बोलत होता. दुसऱ्या दिवशी निघताना माझा गिलास फळीवर त्यांच्या कपबशांशेजारी दिसला. सुनंदा उचलायला गेली, मी म्हटलं, राहू दे.

राजुरा, चंद्रपूर करत संध्याकाळी घरी आलो. हिशेब सांगायचा तर चार दिवसांत परराज्यातली कॉफी एक, तीही तापाची. आता घरी मी गिलासाविना, वाटीतूनच कॉफी पितो. कोणाकडे गेलो की समोर येईल ते आधी पितो, शहाणपण मग सांगतो. पण बाबांनी माझा शब्द खरा मानला नव्हता आणि ते मला टोचत राहिलं.

उन्हाळ्यात प्रकाश कामासाठी नागपूरला आला, तेव्हा आमच्या घरी आला. माझ्या आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला, माझ्यापुढे नाही. "याला कुठला देऊ?" ती कुरकुरली. "अडीच वर्षं झाली चहा सोडून. आधी तर सख्ख्या बहिणीच्या घरचाही पीत नव्हता येडपट."

प्रकाशनं कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग खिशातला फोन काढून वांकिडीला लावला, आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि फोन माझ्या कानाशी धरला.

"लेका," बाबा म्हणाले, "एवढ्या वर्सात पह्यल्यांदा कोनी खरं बोललं, न मी त्यालेच लबाड समजलो. काफीची पूड घेऊन ये. तुहा गिलास हाय इथं."