शैलाचा शनिवारचा तास

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी शनिवारचा तास घेत होते. पूर्वी तो तास तिचा होता, ते पुढं सांगते. "ताई, सकाळी छातीत कळ आली... गेली," एवढंच तिचा भाऊ बोलू शकला. पोरी वहीत हृदयाची आकृती काढत होत्या. मी खडू ठेवला आणि तास तिथंच सोडला.

आम्ही दोघी एकाच नर्सिंग कॉलेजात शिकवायचो. शैला शिवाजी पेठेतली, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. शनिवारी बाकं भिंतीला सरकवून ती मधे एक खाट टाकायची आणि साडीवर शर्ट चढवून, दार आपटत, पेशंटचा नातेवाईक होऊन आत शिरायची. "कुठं हाय तुमचा डाक्टर? माझा बा मरायला लागलाय आन् तुम्ही च्या पिताय व्हय?" पोरी आधी खिदळायच्या, मग घाबरायच्या आणि ठरल्यासारखं म्हणायच्या, "सॉरी काका." तिथं ती भडकायची. "सॉरी कशाबद्दल गं? तू काय केलंस? दार आपल्या बाजूला ठेव, हातभर लांब उभी राहा, आणि त्यानं हात उगारला की सरळ बाहेर पड!" तिच्या पहिल्या नोकरीत एका नातेवाइकानं तिच्या कानाखाली वाजवली होती, आणि मेट्रननं माफी तिलाच मागायला लावली होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून.

गेल्या वर्षी प्राचार्यांनी तो तास काढला. म्हणे अभ्यासक्रमात नाही, पोरी बिथरतात, आणि नर्सनं थोडं सोसायचंच असतं. रिकामा तास त्यांनी मला देऊ केला. माझा पोर्शन मागं पडला होता, मी घेतला. शैला म्हणाली, "घे की. पोर्शन पुरा झाला पायजे. मार काय, वॉर्डात गेल्यावर खातीलच." मी हसून विषय बदलला.

शोकसभेत हेच प्राचार्य बोलले, "शैलाताई म्हणजे सोशिकतेची मूर्ती." सोशिक? शैला? अहो, सोसू नका म्हणून घसा फोडून मेली की ती बाई! उठून हे बोलायला हवं होतं. नाही उठले. हार घालून, चहा पिऊन घरी आले.

आठ दिवसांनी दुसऱ्या वर्षाची प्राजक्ता, पेठ वडगावची, मनगटाला प्लास्टर घालून समोर उभी. वॉर्डात ड्युटीवर असताना, खाट मिळायला उशीर झाला म्हणून पेशंटच्या मुलानं हात पिरगाळला होता. म्हणते कशी, "मॅडम, मी लगेच सॉरी म्हटलं हो, तरी..." मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. "शनिवार शैलाचा आहे. पोर्शन गेला खड्ड्यात," म्हटलं आणि उत्तराला थांबलेच नाही.

परवाच्या शनिवारी बाकं सरकवली, दार आपटलं, जमेल तसं ओरडले. शैलाची सर कुठली यायला! समोर प्राजक्ता होती. ती अर्धं पाऊल दाराकडं सरकली. "काका, आवाज खाली. हात खाली. न्हायतर मी चालले बाहेर." माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. पोरींनी टाळ्या पिटल्या. मला मात्र असा संताप आला... त्या हात पिरगाळणाऱ्याचा, प्राचार्यांचा आणि सगळ्यात जास्त माझा. एका तासात शिकली पोरगी. एका तासात! तो तास तिला वॉर्डात जाण्याआधी मिळायला हवा होता, आणि तेव्हा तो माझ्याकडं होता.