बारशातली आत्या

"देव तुला नावानं ओळखतो," मिशनच्या दवाखान्यातली एक सिस्टर मला फार पूर्वी म्हणाली होती. नवऱ्यानं टाकलं होतं, मी कुणाचीच नाही असं वाटायचं. त्या एका वाक्याच्या आधारानं मी उभी राहिले, पुढे बाप्तिस्मा घेतला.

आज माहेरी थळला धाकट्या भावाच्या, महेशच्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटीच. झबलंही मीच शिवलेलं. पाळण्यावर वाकले, तर आई म्हणाली, "तू नको, बाय. तू आता आपली न्हाय राहिलीस."

"कुर्र सोडून हालेलुया म्हनंल ती!" मामी म्हणाली. सगळ्या हसल्या. भाऊ खाली बघत राहिला. नाव चुलत बहिणीनं सांगितलं.

घरी येऊन प्रार्थनेला बसले, पण शब्दच फुटेना. देव ओळखत असेल नावानं. त्या घरात मात्र आज मला कुणी नावानं हाकही मारली नाही. तुमचा विश्वास कधी असा एका दुपारीत रिकामा झालाय का?

महेश, तू हे वाचशीलच. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी एकदाच पोरीला माझ्या मांडीवर दे. तिच्या कानात फक्त तिचंच नाव सांगेन.