अर्धा तास पुढचं घड्याळ

फादरांच्या निरोपाचा दिवस होता आणि फादरच गायब होते. मटण शिजून बसलं होतं, भात उतरवून झाला होता, सालेकशाकडच्या आमच्या छोट्याशा चर्चपुढे मांडव घातला होता आणि आजूबाजूच्या पाड्यांवरून आलेली माणसं त्यात घाम पुसत बसली होती. जो तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन मलाच विचारायचा, फादर कुठं गेले? जणू मी त्यांना पदराला बांधून ठेवलं होतं. मी मिशनच्या घरात स्वयंपाक करणारी बाई. आठ वर्षं त्यांना जेवायला वाढलं, म्हणजे काय त्यांचा पत्ताही मीच ठेवायचा? बिशपांचं बदलीचं पत्र आल्यापासून तर हा माणूस दर शनिवारी फटफटी काढून निघून जायचा, विचारलं तर नुसतं हसायचा. निरोप साडेदहाचा होता. आम्ही त्यांना दहाच सांगितले होते. आता बारा वाजून गेले होते.

अर्धा तास आधीचं सांगायची ही रीत आमच्या ह्यांची. माझे मालक चर्चची घंटा वाजवायचे. केरळातून हे फादर आले ते सुरुवातीपासूनच उशिराचे. वाटेत कोणी भेटलं की गाडी उभी, कोणाचा बैल आजारी, कोणाची पोर रुसलेली, सगळं ऐकायचं आणि इकडे लोक बाकांवर ताटकळलेले. शेवटी ह्यांनी एके दिवशी स्टुलावर चढून वेदीमागच्या खोलीतलं घड्याळ गुपचूप अर्धा तास पुढे केलं. मग सगळ्या गावानंच ठरवलं, फादरांना प्रत्येक गोष्ट अर्धा तास आधीची सांगायची. बारसं असो, मयत असो. ह्यांना त्या युक्तीचा केवढा अभिमान. मीही हसायचे तेव्हा. देवाच्या माणसाशी खोटं बोलतोय असं कोणालाच वाटलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी हे गेले. गोंदियाच्या दवाखान्यात होते, पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. ह्यांची एकच इच्छा होती, फादरांच्या हातून पवित्र तेल लागावं आणि मग डोळे मिटावेत. मी दुपारी एक वाजता बाहेरच्या बूथवरून मिशनला फोन केला. म्हटलं, फादर, आत्ताच्या आत्ता या. येतो म्हणाले. फटफटीनं तासाभराची वाट. दोनपासून मी गेटवर उभी होते, रस्त्याला डोळे लावून. फादर आले अडीचला. मी त्यांना घेऊन वर गेले तर ह्यांच्या तोंडावर चादर होती. सव्वादोनला गेले म्हणे. तेल लागलं नाही, आणि मी त्यांच्याजवळ नव्हते. चोवीस वर्षांचा संसार केला आणि शेवटची पंधरा मिनिटं मी गेटवर उभी राहून एका माणसाची वाट पाहण्यात घालवली.

हा राग मी सहा वर्षं सांभाळला. खोटं कशाला सांगू, लेकरासारखा सांभाळला. नोकरी सोडली नाही, कारण पोट होतं. पण मनात वैर धरून वेदीपाशी जायचं नाही एवढं मलाही कळतं, म्हणून मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, वेळी सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायचे तेव्हा मी बाकावरच बसून राहायचे. फादर कितीदा म्हणाले, बाई, त्या दिवसाबद्दल थोडं बोलायचं आहे. मी लगेच विचारायचे, वरणात मीठ कमी झालं का? आणि भांडी आपटत निघून जायचे. आज तो माणूस कायमचा जाणार होता आणि मी होते तिथंच होते. त्या सकाळी चुलीपुढे मी प्रार्थना केली तीही भांडल्यासारखी. म्हटलं, प्रभू, हा राग माझ्यानं टाकवत नाही. तुला काढायचा असेल तर काढ, नाहीतर राहू दे, पण माझं डोकं खाऊ नको.

सव्वाबाराला फटफटीचा आवाज आला. फादर धुळीनं माखलेले, आणि मागे पांढऱ्या लुगड्यातली एक उतारवयाची बाई, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसलेली. मांडवातले लोक हार घेऊन उठले. शाळेच्या मास्तरांनी चार पानांचं भाषण उघडलं, त्यात फादर वेळेचे किती पक्के होते असंही एक वाक्य त्यांनी लिहिलं होतं. पण फादर मांडवात गेलेच नाहीत. त्या बाईला घेऊन सरळ स्वयंपाकघरात आले. माझ्या तोंडाशी आलं होतं की आजच्या दिवशी तरी लाज वाटू द्या. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"बाई, आज मीठ विचारू नका," ते म्हणाले. "घड्याळ पुढे आहे हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तुमच्या मालकांना बरं वाटायचं म्हणून गप्प राहिलो. पण मग मला सवय लागली. तुम्ही लोक जी वेळ सांगाल तिच्यात अर्धा तास मिळवायचा. त्या दिवशी तुम्ही म्हणालात आत्ताच्या आत्ता या. मी त्यातही अर्धा तास मिळवला. बसून चहा प्यायलो. दुसरं काही कारण नव्हतं. मला माफ करा."

गावातले लोक सहा वर्षं मला समजावत होते की वाटेत काहीतरी झालं असेल, कोणाचा जीव वाचवत असतील. आणि हा माणूस सांगतो, चहा प्यायलो. हातातला झारा त्यांना मारावा असं वाटलं, खरंच. आणि घड्याळ कोणी पुढे केलं होतं? स्टूल कोणी धरलं होतं? मीच तर धरलं होतं.

मग ती बाई पुढे आली. तिरोड्याकडच्या एका गावची, बौद्ध समाजातली. तिची सासू दवाखान्यात ह्यांच्या शेजारच्या खाटेवर होती. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. फादर त्या दिवशी वर आले तेव्हा तिनं त्यांना दोन शब्द सांगितले होते, पण मी कोणाचं ऐकायच्या अवस्थेत नव्हते आणि तिचं नावगाव विचारायचं फादरांच्याही ध्यानात आलं नाही. दवाखान्यात ती तिरोड्याकडची एवढंच कळलं, म्हणून हे सगळे शनिवार ते तिकडची गावं पालथी घालत तिला शोधत होते. पहिल्याच वर्षी शोधायला हवं होतं, म्हणाले, यालाही उशीरच केला.

तिनं माझा हात धरला. "बाई, तुमचे मालक एकटे नोते. म्या व्हती. त्यायनं इचारलं, बायको कुठी गेली? म्या म्हनलं, फादरले पाह्यले गेली, येऊनच राहिली. तं हासले ना हो. म्हने, तो फादर काही येळेवर येत नाई, बायको माही उभी राहीन गेटवर चिडत. मंग पानी मांगलं. दोन चमचे पाजलं. तुमची प्रार्थना मले येत नोती, म्या आपलं त्रिशरण म्हनलं, त्यायचा हात धरून. तेवढ्यात गेले."

मला आधी रागच आला. मी तिकडे जीव मुठीत धरून उभी, आणि हे हसत होते! माझ्यावर हसत होते! मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते आवरेना. त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. तिनं मला उगी उगी म्हटलं नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. मी सहा वर्षं देवाला विचारत होते की तू कुठं होतास. तो वेळेवर आला होता, शेजारच्या खाटेजवळून उठून, आणि मी बघत होते रस्त्याकडे. याला कोणी योगायोग म्हणो. मी वाद घालत नाही.

मांडवात लोक खोळंबले होते ते अजून थोडे खोळंबले. मी हात धुतले आणि फादरांना म्हटलं, मला कन्फेशन करायचं आहे. वेदीमागच्या खोलीत, त्याच घड्याळाखाली, मी गुडघे टेकले. सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की सहा वर्षं मी तुमच्या वरणात मुद्दाम मीठ कमी घालत होते. ते म्हणाले, तेही ठाऊक होतं. मग त्यांनी हात उचलून क्षमेचे शब्द म्हटले आणि मीही, माणसाला म्हणायचं असतं तसं साधंच म्हटलं, फादर, मी तुम्हाला माफ केलं. त्या दिवशी मिस्सात मी बाकावरून उठले. ती तिरोड्याची बाई शेवटच्या बाकावर बसून माझ्याकडे पाहत होती. त्यानंतर मास्तरांनी चारही पानं वाचली, मटण पुन्हा गरम करावं लागलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं फादर गेले. गाडीही उशिराच आली.

नवे फादर वेळेचे फार कडक आहेत. घड्याळ चुकीचं आहे हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाहिलं आणि ते बरोबर करायला सांगितलं. मी हात जोडून म्हटलं, एवढं असू द्या. तो अर्धा तास आमच्या ह्यांचा आहे. त्यांना काही कळलं नसावं, पण राहू दिलं. दर रविवारी मी त्या घड्याळाप्रमाणे चर्चमध्ये जाते. तेव्हा तिथं कोणीच नसतं, घंटाही झालेली नसते. अर्धा तास मी एकटी बसते, ह्यांच्याशी बोलते, त्या दोन चमचे पाण्याबद्दल प्रभूचे आभार मानते. माझा स्वभाव काही बदलला नाही, चिडते अजून. पण आता दाराकडे पाठ करून बसते. येणारा येईल.