येरवड्याला बंद पडणारा एसी

गॅरेजच्या दारात गाडी लावली तरी ते लगेच उतरायचे नाहीत. उलटा हात एसीच्या जाळीपुढे धरायचे, क्षणभर डोळे मिटायचे, मग काच खाली करून मला म्हणायचे, "आत्ता चालतोय. तुमच्या दारात आला की चालतो. माझ्यापेक्षा तुमचाच धाक जास्त दिसतोय त्याला."

मी तेव्हा खराडीजवळ एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचो. वाशिमहून पुण्याला येऊन मला चार वर्षं झाली होती. आयटीवाल्यांच्या गाड्या वाढत होत्या आणि उन्हाळ्यात आम्हाला जेवायला सवड मिळत नव्हती. हे गृहस्थ शनिवार पेठेतून यायचे. पासष्टीचे, बारीक अंगाचे, शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. मला ते नावाने कधीच हाक मारायचे नाहीत. "काय तंत्रज्ञ?" म्हणायचे. त्यातला किती भाग मान होता आणि किती टोमणा, हे पुण्यात राहूनही मला कधी कळलं नाही. मी त्यांना काका म्हणायचो.

त्यांचा पेठेत टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर आले आणि क्लास बसला. ते स्वतःच सांगायचे, "शेवटच्या वर्षी तीन विद्यार्थी होते. त्यातला एक पंख्याखाली झोपायला यायचा." मशिनं विकून टाकली, एक ठेवलं. त्या एकाचा उपयोग त्यांनी आमच्यासाठी केला. प्रत्येक खेपेला ते एक टाईप केलेला कागद घेऊन येत. मी तो गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवायचो. त्यावर असं असायचं:

१२.१० घरून निघालो. थंड.
१२.३० बंडगार्डनचा पूल. थंड.
१२.४८ येरवडा. गरम.
१२.५५ गरम. मुलगी गप्प.

ते शेवटचे दोन शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो होतो. एसी बंद पडला म्हणून मुलगी रुसली असेल, असं मला वाटलं.

मुलगी तिशीची होती. खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत दुपारी एकच्या पाळीला जायची आणि वडील तिला रोज सोडायचे. तिला मज्जातंतूंचा आजार आहे, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं, तेही मी विचारलं म्हणून. उकाडा वाढला की तिच्या पायांतली ताकद जायची आणि डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. गारव्यात तास-दीड तास बसली की बहुतेक सगळं परत यायचं. "गाडी मी हौसेने घेतलेली नाही," ते म्हणाले. "मला गाडी नकोच होती. एसी हवा होता. तो सुटा मिळत नाही, म्हणून चाकांसकट घेतला."

आम्ही काय केलं नाही? गॅस तपासला, तो पुरेसा होता. तरी काढून नवा भरला. साबणाचं पाणी लावून सगळे जोड पाहिले, कुठे बुडबुडा नाही. वीज जोडणारा रिले बदलला. पंखा बदलला. दर वेळी गाडी आली की मी बॉनेट उघडायचो, इंजिन चालू ठेवायचो, आणि आत बर्फासारखा वारा. गॅरेजचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, गाडीत काही नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे. गोड बोलून पाठवून दे." मी गोड बोललो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सापडत नाही असंच ना? मग तसं म्हणा. मला राग येत नाही. माझ्या मुलीच्या डॉक्टरांनाही सगळं कुठे सापडतं?"

पाच महिने हे चाललं. तुम्हीही कधी एखाद्याच्या दुखण्यापुढे असे उभे राहिला असाल. समोरचा खोटं बोलत नाही हे दिसतं आणि आपल्या हाताला मात्र काही लागत नाही.

एप्रिलमध्ये ते आले तेव्हा कागद नव्हता. ते म्हणाले, "तिच्या साहेबांनी तिला विचारलंय, रोज येणं जमणार आहे का. प्रेमानेच विचारलं म्हणे." मग म्हणाले, "तुम्ही एकदा आमच्याबरोबर बसाल का, घरापासून?"

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि बाराला त्यांच्या दारात पोचलो. दोन मजले, लिफ्ट नाही. मुलगी कठडा धरून हळूहळू पण स्वतः उतरली. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. "दादा, तुम्हीच का ते तंत्रज्ञ?" तिने विचारलं. "बाबा घरी तुमचं फार कौतुक करतात. मला खरं वाटत नव्हतं."

"मी कौतुक करत नाही," काका गाडी काढत म्हणाले. "मी वर्णन करतो."

पुलापर्यंत एसी उत्तम चालला. येरवड्याच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. पुढे एक बस आडवी झाली होती. बाहेर डांबर पाघळत होतं. मी हात जाळीसमोर धरून बसलो होतो आणि वारा माझ्या हातावरच बदलला. आधी कोमट, मग गरम.

"आला गरम वारा," मुलगी मागून म्हणाली.

काकांनी आरशात पाहिलं. "चार मिनिटांत पुढे सरकेल."

चार मिनिटांत काही सरकलं नाही. मुलीने ओला रुमाल मानेवर घेतला. थोड्या वेळाने तो खाली पडला आणि तिला उचलता येईना. मी मागे वळलो. ती माझ्याकडे पाहत होती, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. "दादा, मला तुमचा चेहरा नीट दिसत नाहीये," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे बघू नका. इंजिन बघा."

मी गाडीतून उतरलो. इंजिन चालूच ठेवून, मागचे हॉर्न वाजत असताना बॉनेट उघडलं. पट्ट्याने चाक फिरत होतं आणि त्यापुढची चकती मात्र ढिम्म उभी होती. ही चकती चुंबकाने ओढली गेली तरच गारवा तयार करणारा कॉम्प्रेसर फिरतो. मी स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ तिच्यावर हलकेच मारली. खट् आवाज झाला, चकती चिकटली आणि फिरू लागली.

झीज होऊन चकती आणि चुंबकातली केसभराची फट वाढली होती, एवढाच दोष. गार असताना चुंबक ओढून घ्यायचा, अर्धा-पाऊण तास तापला की त्याचा जोर पुरा पडायचा नाही. तिला सोडून काका आमच्याकडे येईपर्यंत आणि आमची रांग संपेपर्यंत तो निवलेला असायचा. वर आम्ही बॉनेट उघडून त्याला वाराच घालायचो. पाच महिन्यांच्या कागदांवर गरम होण्याची वेळ घरातून निघाल्यावर अर्ध्या तासानंतरचीच होती. माझ्या भिंतीवर टांगलेलं होतं ते.

कंपनीच्या दाराशी दोन सुरक्षारक्षक चाकांची खुर्ची घेऊन आले. त्यांना सवय झालेली दिसत होती. मुलीने मान हलवली. "नको बाबा. आज घरी जाऊ. मला अशी आत नेऊ नका."

तिला घरी पोचवून त्याच दुपारी मी गॅरेजात चकतीमागचा एक पातळ वॉशर काढला. फट कमी झाली. वीस मिनिटांचं काम. काकांनी तो वॉशर तळहातावर घेऊन पाहिला. मी टोमण्याची वाट पाहत उभा होतो. तो आला असता तर बरं झालं असतं.

"सापडलं ना," ते म्हणाले. "बरं झालं."

मे आणि जून चांगले गेले. ती रोज कामावर गेली. पावसाळ्यात हवा गार असताना, एसीची गरजही नसताना, आजारानेच उचल खाल्ली. या वेळी पाय गारव्यात बसूनही परत आले नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, थोडा फरक पडला, मग पडेनासा झाला. हे सगळं मला काकांनी टायरमध्ये हवा भरताना तीन वाक्यांत सांगितलं. माझ्या हातात हवेची नळी होती. मी ती धरूनच उभा राहिलो.

सप्टेंबरात त्यांचा फोन आला. "तंत्रज्ञ, मंगळवारी वेळ आहे का? गाडीचं काम नाही."

मुलीने नोकरी सोडली होती. ओळखपत्र आणि लॅपटॉप परत द्यायचा होता. काका एकटे जाऊन देऊ शकले असते, पण तिला स्वतः जायचं होतं. खाली उतरवायला मदत करणारा शेजारी गावाला गेला होता. मी आणि काकांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून दोन मजले उतरवलं. मागच्या सीटवर बसवल्यावर तिने केस नीट केले. काका मला म्हणाले, "जा आता तुम्ही कामाला."

गाडी वळून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की परत वर न्यायला कोणी नाही. मी मालकांना फोन केला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलो. तीन तासांनी ते आले.

"अजून इथेच? गॅरेज बुडालं का काय तुमचं?"

मुलगी दुसऱ्या बाजूला बघत होती. गळ्यात काही नव्हतं.

ती आमची शेवटची भेट. पुढे त्यांनी गाडी विकली आणि कुठेतरी तळमजल्यावर जागा घेतली, असं मला टपरीवाल्याने सांगितलं. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी तिला परत वर नेताना खुर्चीची खालची बाजू मी घेतली होती, वरची त्यांनी. पहिल्या मजल्यावर त्यांची पकड सुटायला लागली. आम्ही खुर्ची टेकवली आणि ते पायरीवर बसले. वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"एकच मजला राहिला ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका, एकच."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ते उठले नाहीत. मुलीने त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तो त्यांच्या खांद्यापर्यंतच पोचला. तिने तो तिथेच राहू दिला.